पालथे घटीपात्र

पूर्वी कृतयुगात वेणुमतीच्या तीरी, बकुळ-कदंबांनी वेढलेल्या आश्रमात ऋतव्रत नावाचे महातपस्वी राहत. दिवसाच्या तीसही घटका त्यांनी होम, अध्ययन, अध्यापन यांना नेमून दिल्या होत्या. घंगाळातल्या पाण्यावर सच्छिद्र ताम्रपात्र सोडायचे आणि ते भरून बुडाले की टोल द्यायचा, हे काम पत्नी कुमुद्वतीचे. मात्र सप्तपदीच्या सातव्या पावलावर त्यांनी तिला शब्द दिला होता, की दिवस कलताना तिने ते पात्र पालथे घालावे आणि ती सुलटे करीपर्यंत वेळ मोजला जाऊ नये. तेव्हा दोघे बकुळीखाली बसत, काहीबाही बोलत. महर्षी चक्क हसत असत!

पुढे कीर्ती वाढली, आणि ते पालथे पात्र मुनींच्या डोळ्यांत सलू लागले. व्रतात खंड पडतो म्हणे! त्यांनी घोर तप केले, तेव्हा कालदेव प्रकटले. "मुने, वर माग!"

"हे कालपुरुषा, माझी एकही घटका रिकामी जाऊ नये. हे पात्र कधीही थांबू नये!"

कुमुद्वती हात जोडून म्हणाली, "स्वामी, ती घटका रिकामी नव्हती हो. ती माझी होती."

"देवी, बकुळफुले वेचून मोक्ष मिळत नाही!"

धन्य ती विद्वत्ता! कालदेव "तथास्तु" म्हणाले. त्या क्षणापासून पात्र आपोआप बुडे, आपोआप वर येई, टोल आपोआप पडे. आणि टोल नेईल तिकडे मुनींची पावले जात.

वर्षे लोटली. ज्वराने क्षीण झालेली कुमुद्वती एका दुपारी बकुळीखालून म्हणाली, "स्वामी, जरा बसता जवळ?" मुनींना भडभडून आले. ते वळले, तोच टोल पडला आणि पावले यज्ञवेदीकडे फिरली. वाटेत त्यांनी पात्र पालथे घातले. ते पुन्हा सुलटे झाले.

"कालदेवा, एक घटका परत दे!" त्यांनी आक्रोश केला.

"मुने, तुझ्याजवळ होती. तूच ती भरून मागितलीस. दिलेला वर मला मागे घेता येत नाही."

होम संपला तेव्हा ती गेली होती. तिने शाप दिला नाही. शाप ऐकायलाही कोणी जवळ बसावे लागते. चितेपाशी मुनींनी हंबरडा फोडायला तोंड उघडले, इतक्यात पाठाचा टोल पडला आणि ते ऋचा म्हणू लागले. रडायला घटका नेमलेली नव्हती.

त्यांच्या शिष्यांनी तेच व्रत घेतले, आणि त्या शिष्यांच्या शिष्यांनीही. ती परंपरा आजही अखंड आहे. एवढीशी कथा, पण ऐकताना तुमचीही चुळबुळ चाललीच होती ना?