गोंड्यांचं लाल कव्हर

गाड्यांचे भाग अजून एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. गेनू ड्रायव्हरच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगला भेग पडली होती. वर गोंड्यांचं लाल कव्हर होतं, म्हणून ती कुणाला दिसत नव्हती.

पुढे गाडी हाताला थरथरू लागली. "पुढचा टायर बाद झाला," गेनू म्हणाला. खरं काय ते स्टिअरिंगला ठाऊक होतं. पण आपली भेग उघडी पडेल, या धास्तीनं ते मूग गिळून बसलं. टायर बिचारा मुकाट्यानं उतरला आणि अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकून पडला.

नवा टायर आला तरी थरथर जाईना. दसरा दोन दिवसांवर आला, तेव्हा गाडी धुताना गेनूनं कव्हर काढलं आणि कपाळावर हात मारून घेतला. इस्माईल मिस्त्री कानस घेऊन आला आणि भेग घासायला लागला.

"अहो चाचा, मोठी कशाला करताय?"

"उघडी केल्याबिगर आत मसाला धरत नाही, गेनू."

सगळ्यांदेखत कानस फिरत होती. स्टिअरिंग लाजेनं अर्धमेलं झालं.

दसऱ्याला मात्र मसाल्यानं भेग बुजून ते नव्यासारखं चकाकत होतं. गेनूनं त्याला झेंडूचा हार घातला. तेवढ्यात गोठ्याकडून जुन्या टायरनं हाक मारली, "दादा, आता थरथर नाही ना? माझ्यापायी तुला फार सोसावं लागलं बघ."

स्टिअरिंगनं हारात तोंड खुपसलं. पण हार काही कव्हराइतका दाट नव्हता.