रूपकळीचं छप्पर

"उद्या सूर्य मावळायच्या आत या तिघांतला एक निवडा. पण तिघांपैकी कुणालाही एकसुद्धा प्रश्न विचारायचा नाही," निंबवड्याचे राजे विश्वासराव कारभाऱ्यांना म्हणाले. "नाही जमलं, तर हत्तीण शेजारच्या संस्थानाला देऊन टाकतो."

कारभारी त्र्यंबकपंतांनी पगडी सारखी केली. जुना हत्तीखाना पावसात खचल्यापासून रूपकळी हत्तीण चिंचेखाली उभी होती. राजांना आता लोखंडी हत्तीखाना हवा होता. खांब, तुळया, पत्रे सगळं कारखान्यातच मापात कापून, भोकं पाडून आणायचं आणि इथे नुसतं बोल्टांनी जोडायचं. तीन कारखानदार आले होते. मैदानात तिघांनी नमुन्याची एकेक शेड उभारली होती. पंत कित्येक दिवस त्यांना प्रश्न विचारत होते आणि तिघेही एकच सांगत होते, आमचा माल उत्तम. राजे त्या उत्तराला विटले होते.

"पण सरकार, न विचारता निवडायचं कसं?"

"ते तुम्ही शोधा. मलाही विचारू नका."

रूपकळीला धूत असलेली मैना हे ऐकत होती. ती माहूत रायबाची मुलगी. हत्तीण गेली तर बापाचं काम जाणार होतं. हत्तीण राहिली आणि छप्पर कच्चं निघालं, तर त्याखाली झोपणाराही बापच होता. तिला दोन्ही पसंत नव्हतं.

"मी निवडते, सरकार," ती म्हणाली. रायबाच्या हातातली बादली खाली पडली.

"प्रश्न न विचारता?"

"न विचारता. फक्त उद्याची पाहुण्यांची पंगत वाड्यात नको. ज्याची त्याची पानं ज्याच्या त्याच्या शेडमध्ये वाढा. आणि रूपकळीला आळीपाळीने एकेका शेडच्या खांबाला बांधू द्या. तिला पाठ खाजवायची सवय आहे, तेवढं पाहुण्यांच्या कानावर घाला."

दुसऱ्या दिवशी पानं वाढली गेली. पुरणपोळी होती.

पहिल्या शेडचे मालक दामोदरशेठ. हत्तीण खांबाशी येताच त्यांनी हात जोडले. "आज माझा एकादशीचा उपास."

त्या दिवशी पंचमी होती. पंतांनी तसं सांगितलं नाही.

दुसरे कर्णिक. ते बसले, पण बसण्याआधी पाट हळूहळू ओढत छपराच्या बाहेर नेला. वर ऊन रणरणत होतं. "मोकळ्यावर अन्न पचतं," ते म्हणाले आणि घाम पुसत जेवू लागले. रूपकळीने खांबाला पाठ लावली. पत्रे वाजले, तसा त्यांनी पाट आणखी एक हात सरकवला.

तिसरे अण्णाप्पा. ते पानाकडे फिरकलेच नाहीत. हत्तिणीभोवती एक चक्कर मारून त्यांनी मैनेला विचारलं, "कुठली बाजू घासते ही?"

"डावी."

"वजन किती असेल? पावसाचा वारा इथे कुठून येतो? आणि रात्री हिच्याजवळ कोण झोपतं?"

मैनेने सगळं सांगितलं. रात्री बाप झोपतो, हेही सांगितलं. अण्णाप्पांनी मान हलवली. "मग साखळी सोड, बाई. माझा हा नमुना घोड्यापुरता आहे. हिच्यासाठी खांब दुप्पट जाड हवेत, पाया खोल हवा आणि खांबांमध्ये तिरपे आधार हवेत. तोवर हिला इथे बांधायचं नाही, आणि माहुताला झोपवायचं तर मुळीच नाही."

पुरणपोळी गार झाली. राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पोरी, छपराखाली तर एकही जण जेवला नाही. मग निवडलंस कुणाला?"

"अण्णाप्पा, सरकार."

"का? त्यालाही आपल्या छपराची भीती वाटली."

"भीती तिघांनाही वाटली. त्या दोघांना स्वतःच्या जिवाची वाटली, यांना रूपकळीच्या आणि माझ्या बापाच्या जिवाची."

"आणि माझी अट? तू काही विचारलंस त्यांना?"

"एक अक्षर नाही, सरकार. प्रश्न विचारायचे नाहीत अशी अट आम्हाला होती, त्यांना नव्हती. ज्याने स्वतःहून विचारले, त्याला निवडलं."

राजांनी पंतांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की रूपकळीने कान फडफडवले. हसणं ओसरल्यावर त्यांनी अण्णाप्पांना काम दिलं, आणि हत्तीखान्याला लागून रायबासाठी दोन खोल्या बांधायचा हुकूम सोडला. मैनेच्या हातात त्यांनी स्वतःचं सोन्याचं कडं घातलं.

"पंत," ते म्हणाले, "यापुढे संस्थानात काहीही बांधायचं असेल, तर आधी हिला विचारा."