गुपचिळीचा कोष

फार फार वर्षांपूर्वी, एका गावात, दिवस उगवून बरोबर चार घटका झाल्या तेव्हा हे सुरू झालं. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण चावडीतलं घटिकापात्र नुकतंच चौथ्यांदा बुडालं होतं आणि राखणदारानं चार टोले दिले होते. चौथा टोला पडला आणि सगुणीच्या आईनं टाळी वाजवली.

"अळ्यांनो, कोषात!"

अंगणातली अकरा पोरं धावली. जो तो आपापल्या शालीत शिरला, डोक्यावरून शाल ओढून गुंडाळून बसला, आणि आई चुलीकडे वळताच शाली जराशा उघडून पोरं एकमेकांकडे बघू लागली. एका क्षणात अंगण असं शांत झालं की चुलीवरच्या आंबिलीचा आवाज बाहेर ऐकू यावा.

सगुणीच्या आईचं खरं नाव आता कोणाला आठवत नाही. वयानं लहान होती, जिवाला भारी घोर लावून घ्यायची. गावातल्या बाया शेतावर जायच्या, तेव्हा तीन-चार वर्षांची पोरं तिच्याकडे सोडून जायच्या. पोरांना नुसतं सांभाळायचं तर ती रडतात, भांडतात, विहिरीकडे पळतात. म्हणून तिनं त्यांना अळ्या करायला शिकवलं होतं.

अळ्या म्हणजे खेळण्यातल्या हो. मातीचे मणी वळायचे, वाळवायचे, दोऱ्यात ओवायचे. सात मणी ओवले की सात मण्यांची अळी. असं करता करता पोरं वीसपर्यंत मोजायला शिकली. सावरीचा कापूस मांडीवर वळून, देवाच्या वाती वळतात तशा, पांढऱ्या मऊ अळ्या करायच्या. त्यांना हळदीचे ठिपके द्यायचे. जी अळी चांगली जमली ती गालाला लावून बघायची, मऊ आहे का. आणि मग कोषाचा खेळ.

"कोषातल्या अळीनं बोलायचं नाही," ती सांगायची. "अळी मिळी गुप चिळी! जी बोलली तिला पंख फुटत नाहीत. ती आपली जन्मभर अळीच."

मग मध्येच ती मुद्दाम म्हणायची, "चला, खेळ संपला! गूळ कोणाला हवा?" जो "मला, मला" म्हणून ओरडला, तो फसला. बाकीची पोरं हसायची, तीसुद्धा आवाज न करता. खेळ खरा संपायचा तो एकाच खुणेनं. ती दोन्ही हातांनी पदर पसरायची आणि कडुलिंबाभोवती गिरकी घ्यायची. फुलपाखरू झालं की सगळ्यांनी बोलायचं.

संध्याकाळी बाया पोरं न्यायला आल्या की तोंडात बोट घालायच्या. "अगं, अकरा पोरं आहेत का अकरा बाहुल्या? जादू केलीस बाई!" सगुणीच्या आईला बरं वाटायचं. त्यातही तिची स्वतःची सगुणी सगळ्यांत शहाणी. चार वर्षांची पोर, पण एकदाही फसली नव्हती.

त्या दिवशी आईनं डावानं आंबील ढवळली, उतरवली आणि बाहेर आली. दहा शाली स्थिर होत्या. अकरावी थरथरत होती.

"काय गं सगुणे, थंडी वाजते होय?" ती हसत म्हणाली आणि शाल उघडली.

तिच्या हातातला डाव खाली पडला.

सगुणीचा एक डोळा सुजून मिटला होता. गाल टरटरून लाल झाला होता. ओठ असे सुजले होते की ते तिचे ओठ वाटेनात. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. तिच्या मुठीत, कापसाची अळी असावी तसा, पांढुरक्या केसांचा सुरवंट चिरडला होता. जिवंत, खरा सुरवंट. शेजारच्या शेवग्यावरून पडलेला.

"सगुणे! काय झालं? कुठं कुठं लागलं? बोल ना!"

सगुणीनं मान हलवली. नाही.

"मामी! मामी, धावा हो!"

शेजारची म्हातारी सुईण, जिला सारं गाव मामी म्हणायचं, ती कणकेचा हात तसाच घेऊन आली. पोरीला बघताच तिनं आईचा हात धरला.

"चोळू नको! चोळलं की कुसळं आत जातात. मी कणकेच्या गोळ्यानं टिपून काढते. पण आधी मला सांग, तोंडात घातला होता का हिनं? गिळला का? आणखी एखादा आहे का अंगावर? घशात कुसळं गेली असली तर आधी घसा बघायला हवा. सूज चढली की श्वास कोंडेल."

"बाळा, तोंड उघड. आ कर," आई म्हणाली.

सगुणीनं दात आणखी घट्ट आवळले.

आई बाकीच्या पोरांकडे वळली. सगळ्यांनी शालीतून तोंडं बाहेर काढली होती. सगळी बघत होती. "अरे, तुम्ही तरी सांगा! कोणी बघितलं?"

दहा पोरांनी दहा बोटं ओठांवर ठेवली.

"खेळ संपला रे! संपला खेळ!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांच्यातला गोप्या तर गालातल्या गालात हसला. अशी फसवाफसवी त्याला चांगली ठाऊक होती.

"मी खोटं बोलले होते," आई हात जोडून म्हणाली. "बोललं म्हणून पंख जात नाहीत. देवाशप्पथ सांगते." पण जी बाई रोज लटकं सांगते, ती आज खरं सांगते आहे हे त्या लेकरांना कसं कळावं? सगुणीचा श्वास आता शिट्टीसारखा वाजू लागला होता. आणि रखमी नावाची एक बारकी पोर आईच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती तिच्या पदराकडे.

आईच्या ध्यानात आलं. तिनं पदर पसरला आणि कडुलिंबाभोवती धावली. रडत, ठेचकाळत, दोन्ही हात पसरून ती गरगरा फिरली. विहिरीवरच्या बाया घागरी टाकून उभ्या राहिल्या. "अगं बाई! लेकीचा जीव चाललाय आणि ही नाचते काय!"

पण अंगणात एकच कल्ला झाला.

"तिनं गालाला लावला!"

"मऊ आहे का बघत होती!"

"मग तोंडात घातला आणि थुंकला!"

"दोन होते! एक ओच्यात आहे, परकराच्या!"

सगुणीनंही तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की कडुलिंबावरचे कावळे उडाले. मामीनं तिच्या जिभेवरची कुसळं कणकेनं टिपली, घसा बघितला, ओच्यातला दुसरा सुरवंट काडीनं काढून दूर टाकला. गालावर तूप लावलं. हळूहळू ती शिट्टी थांबली.

आई सगुणीला मांडीवर घेऊन बसली. समोर रखमी उभी होती.

"तू बघत होतीस गं, तिचं तोंड सुजताना?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस मला?"

"मला फुलपाखरू व्हायचं होतं," रखमी म्हणाली.

आईला वाटलं, काळजावर कोणी तापलेला चिमटा ठेवला. पण एवढ्यावर भागलं नाही. पोरांना आता बोलायची मुभा मिळाली होती, आणि ती बोलतच सुटली. गोप्या पुढं आला आणि म्हणाला, "माझ्या नाकात मणी आहे. अळीचा."

"कधीपासून?"

"अमावस्येपासून."

अमावस्या होऊन आठ दिवस झाले होते! त्याच्या नाकाला वास येत होता, आणि सगळे त्याला सर्दी झाली म्हणत होते. मग एका पोरानं बाही वर केली. कोपराला भाजल्याचा फोड, तीन दिवसांचा. एकीनं सांगितलं, तिची आई तापानं अंथरुणात आहे आणि आपण काल दुपारपासून काही खाल्लेलं नाही. एवढं सगळं त्या शांत अंगणात, सगुणीच्या आईच्या डोळ्यांसमोर बसून होतं; रोज खेळ सुटायचा, पण बोललं की पंख जातात ही धास्ती पोरांच्या मनातून सुटली नव्हती.

मामीनं गोप्याच्या नाकातला मणी काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "पोरी, पोरं शांत बसली आहेत की कोंडली आहेत, हे शाल उघडून बघायचं असतं."

"मामी, मी उद्यापासून अंगण बंद करते. मला नाही जमायचं."

"बंद करून काय होणार? ही पोरं विहिरीवर जातील. मणी लिंबाएवढे कर. शेवग्याखालची जागा रोज झाड. आणि सकाळी आल्या आल्या एकेकाला जवळ घेऊन विचार, काय दुखतं, काय खुपतं. सांगून होईतो मण्याला हात लावू देऊ नको."

दुसऱ्या दिवसापासून तसंच झालं. अंगणात आता गोंगाट असायचा. संध्याकाळी बाया नाक मुरडायच्या, "काय गं, जादू संपली वाटतं?"  सगुणीची आई ज्याच्या त्याच्या आईला तिच्या पोरानं दिवसभरात काय काय सांगितलं, तेवढं सांगायची. ते ऐकून कितीतरी जणींचे चेहरे पांढरे पडायचे.

तिसऱ्या दिवशी सगुणीचा डोळा उघडला. ओठ उतरले. तिनं हळूच विचारलं, "आई, मी रडले ना त्या दिवशी. मला आता पंख नाही का फुटणार?"

आईनं तिला पोटाशी घेतलं. "पंखांचं राहू दे बाळा. तुला वाचा फुटली, मला तेवढं पुरे."

लेकराला गप्प बसायला शिकवण्याआधी, दुखलं-खुपलं की कोणत्याही खेळात, कोणाहीसमोर ओरडायला शिकवावं.

आयांनो, तुमच्या शेजारी एखादं फार शहाणं, फार शांत मूल असेल, तर त्याच्या आईला ही गोष्ट आजच सांगा, आणि तिला म्हणावं, पुढच्या घरी तूही सांग.