खुशालीची रिंग

डोंगराच्या अलीकडच्या अंगाला एक गाव होतं. त्या गावात घोंगड्या विणणारा एक म्हातारा राहत होता. लहानथोर सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याची बायको वारली त्याला वर्ष होत आलं होतं. एकुलती एक मुलगी, हौसा, खिंडीपलीकडच्या गावात दिली होती.

आप्पा फार बोलणारा माणूस नव्हता. घरात बोलायचं काम बायकोचं. तिने मागाजवळ बसून गावभरच्या गोष्टी सांगाव्यात आणि याने धोटा फेकता फेकता नुसतं 'हं' म्हणावं, असा त्यांचा संसार झाला. ती गेली आणि घरात धोट्याचा आवाज तेवढा उरला.

त्या गावची एक रीत होती. माणसं काटकसरी. बोलण्यावर पैसे घालवायचे नाहीत, फोनची नुसती रिंग द्यायची, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. परगावी गेलेला मुलगा मुक्कामाला पोचला की एक रिंग देऊन फोन कट करायचा. घरच्यांनी समजायचं, पोचला. सासरी गेलेली मुलगी दिवेलागणीला एक रिंग द्यायची. माहेरच्यांनी समजायचं, सुखरूप आहे. याला गावात 'खुशालीची रिंग' म्हणत. ही रिंग उचलली तर समोरच्याचे पैसे जाणार, म्हणून ती कोणी उचलत नसे. कोणी चुकून उचललीच तर म्हातारी माणसं टोकत, "काय रे, लेकीच्या संसाराला भोक पाडतोस होय?"

आणि आनंद मोठा असला तर रिंगही मोठी. लग्न ठरलं, मूल झालं, की फोन कट करायचा नाही. आपोआप बंद होईपर्यंत वाजू द्यायचा. अशी लांब रिंग आली की घरातून गूळ निघायचा आणि आळीत वाटला जायचा.

हौसाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची चाल. पण आई नसलेल्या घरात बाळंतीण कुणाच्या हाताखाली ठेवायची? ती सासरीच बाळंत होणार असं ठरलं. सातव्या महिन्यात ती माहेरी येऊन दोन दिवस राहून गेली. निघताना म्हणाली, "आप्पा, आईचा फोन आता मेल्यातच जमा आहे. एक नवा घ्या तुम्ही. माझं बाळंतपण तिकडं. कधी काही लागलं-सवरलं तर तुमच्याशी बोलता तरी येईल."

"घेतो की," आप्पा म्हणाला.

पुढच्या बाजाराला त्याने घोंगड्या विकल्या आणि शेजारच्या नानाला बरोबर घेऊन तो फोनच्या दुकानात गेला. रुमालाची गाठ सोडून त्याने सगळे पैसे दुकानदारापुढे ठेवले. दुकानदार तरुण होता, पण हसला नाही. त्याने विचार करून दोन फोन काढले.

"हा मोठा बघा, आजोबा. काच मोठी, कॅमेरा झकास. पण हा घेतला तर रिचार्जला फारसं काही उरत नाही. सगळ्यात स्वस्त कंपनी घ्यावी लागेल. तिची रेंज तुमच्या गावात दारापर्यंत येते, घरात शिरत नाही. फोन येतील, फोटोपुरतं नेट मिळेल, पण एवढ्या रिचार्जमध्ये तुमच्याकडून फोन जायचा नाही."

"आणि हा बारका?"

"हाही स्मार्टफोनच. फोटो जरा धुरकट दिसतात एवढंच. पण उरलेल्या पैशात चांगल्या कंपनीचं रिचार्ज बसेल. तिची रेंज खिंडीच्या दोन्ही अंगांना आहे. हवं तेवढं बोला. नंबर जुनाच राहील, नुसती कंपनी बदलायची."

नाना खो खो हसला. "अरे, हा आप्पा हवं तेवढं बोलणार? बायको होती तेव्हा तोंड उघडलं नाही, आता कंपनीचे पैसे वसूल करतोय व्हय!"

दुकानदाराने नानाकडे लक्ष दिलं नाही. "आजोबा, तुम्हाला फोन बघायला हवाय की बोलायला? या पैशात दोन्ही बसत नाही."

आप्पाने मोठा फोन हातात घेतला. दुकानदाराने त्यावर कुणाच्या तरी लहान मुलाचा फोटो लावून दाखवला. गालावरची लव दिसत होती. आप्पा बघतच राहिला. घरात बायकोचा एकही फोटो नव्हता. अलीकडे तिचं नाक आठवलं तर हनुवटी निसटायची, हनुवटी धरावी तर डोळे सापडायचे नाहीत. हौसाच्या बाळात कदाचित ती कुठेतरी उतरेल. एवढ्या मोठ्या काचेत ती नीट दिसेल.

"बघायला," तो म्हणाला.

"आणि बोलायचं कसं?"

"खुशालीची रिंग येते की."

असा मोठा फोन घरी आला. रेंज दारापर्यंतच येत होती, म्हणून आप्पाने तो दाराशेजारच्या खिडकीत ठेवला. रोज दिवेलागणीला एक रिंग यायची, काचेवर हौसाचा फोटो उजळायचा आणि विझायचा. मागावर बसल्या बसल्या आप्पा म्हणायचा, "हं." येणारे-जाणारे खिडकीशी थांबून फोनचं कौतुक करायचे. आप्पाला बरं वाटायचं. आपण निवड चुकीची केली असं त्याला एकदाही वाटलं नाही.

हौसाचे दिवस भरत आले. एका दुपारी आप्पा विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होता. फोन वाजला. एका रिंगेत कट झाला नाही. वाजत राहिला, वाजत राहिला आणि आपोआप थांबला.

आप्पाच्या हातातून खळीचा कुंचा गळाला.

"नाना!" तो ओरडला. इतक्या मोठ्याने त्याला ओरडताना आळीने कधी ऐकलं नव्हतं. "नाना, लांब रिंग आली रे! हौसा मोकळी झाली!"

त्याने हात धुतले, गुळाची ढेप फोडली आणि ताट घेऊन तो आळीत निघाला. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. पुन्हा शेवटपर्यंत.

"जुळं दिसतंय!" नाना गुळाचा खडा तोंडात टाकत म्हणाला, आणि सगळे हसले.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा समोरच्या घरातल्या गुणाकाकू खिडकीपाशीच उभ्या होत्या. त्यांनी गूळ हातातच धरला होता. "आप्पा, तिसऱ्यांदा कोण कळवतं हो? उचला बघू."

आप्पा खिडकीपाशी आला. काचेवर हौसाचा फोटो उजळला होता. त्याने हात पुढे केला. वाटलं, उचलावा, एक शब्द ऐकावा. मग त्याला गावाची रीत आठवली. बाळंतिणीच्या घरात आज खर्च काय कमी असेल? त्यात आपली भर कशाला? आणि उचलून आपण बोलणार तरी काय? उद्या सकाळी समक्षच जाऊ.

त्याने हात मागे घेतला. फोन वाजून वाजून थांबला.

दिवेलागणीला रोजची रिंग आली नाही. आप्पा स्वतःशी म्हणाला, "आज कुणाला सवड असणार?"

सकाळी तो निघायच्या तयारीत असतानाच दारात मोटारसायकल थांबली. जावई आला होता. आप्पा लगबगीने ताटातला उरलेला गूळ घेऊन पुढे झाला. "या जावईबापू, या! आधी तोंड गोड करा. मुलगा की मुलगी?"

जावयाने गूळ हातात घेतला. खाल्ला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या मुठीत तो खडा घामाने विरघळू लागला.

"मामा," तो म्हणाला, "फोन का नाही उचललात?"

मग एकेक गोष्ट कळत गेली. आदल्या दिवशी दुपारी हौसाचं दुखायला लागलं. दुखणं सरळ नव्हतं. सासू म्हणत होती, आमच्या घरात सगळ्या घरीच मोकळ्या झाल्या, थोडी कळ काढ. हौसा म्हणत होती, मला दवाखान्यात न्या. जावई टेम्पो घेऊन घाटात, त्याला फोन लागेना. शेवटी सासू म्हणाली, "वडिलांना विचार बाई. माहेरचं माणूस ने म्हणालं तर आत्ता गाडी बोलावते. उद्या आमच्यावर बोल नको." म्हणून हौसाने फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. 'न्या' एवढा एक शब्द हवा होता. तो आला नाही. सगळे थांबून राहिले. जावई घरी पोचला आणि त्याने तिला दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता.

हौसा वाचली होती. बाळ रडलंच नाही.

दवाखान्यात हौसा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आप्पा कॉटशेजारी जमिनीवर बसला. तिने कूस बदलली.

"आप्पा, रिंग ऐकू आली नाही का?"

"आली."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मग?"

आप्पाला खोटं बोलता आलं असतं. मागावर होतो, झोप लागली होती, रेंज गेली होती. तो म्हणाला, "मला वाटलं, आनंदाची आहे. मी गूळ वाटला बाई."

तिच्या आवाजात राग असता तर आप्पाला सोसला असता. पण ती अगदी हळू म्हणाली, "संकटाची रिंग आपल्यात कुठं आहे, आप्पा? मी दुसरी कुठली देणार होते?"

आप्पाने तिचा हात हातात धरला. या वेळी 'हं' म्हणायलाही त्याचं तोंड उघडलं नाही.

हौसा घरी गेल्यावर आप्पा पुन्हा बाजारात गेला. मोठा फोन परत देऊन त्याने बारका घेतला. परतीच्या व्यवहारात जे नुकसान व्हायचं ते झालं. त्याने घासाघीस केली नाही. चांगल्या कंपनीचं रिचार्ज मारून घेतलं. दुकानदाराने कारण विचारलं नाही. त्याने फक्त आप्पाला फोन लावायचा कसा आणि उचलायचा कसा, हे शांतपणे पुन्हा पुन्हा दाखवलं.

त्या संध्याकाळी आप्पाने लेकीला फोन लावला. पलीकडून हौसाने तो उचलला.

"आप्पा, काय झालं?"

"काही नाही." आप्पा म्हणाला. "आमटी केली होती. मीठ जास्त पडलं."

"मग?"

"मग... पाणी घातलं. तर पातळ झाली."

आप्पाला वाटलं, आता ती फोन ठेवणार. तो ठेवणार नव्हता.

"बोला की," हौसा म्हणाली. "मी ऐकतेय. बोला."

आणि आयुष्यभर 'हं' म्हणणारा तो माणूस आमटीबद्दल, मागाबद्दल, नानाच्या म्हशीबद्दल, जे सुचेल ते बोलत राहिला. बोलता बोलता एकदा तो रडला, तेही तिने ऐकून घेतलं.

त्यानंतर त्या आळीत फोन वाजला की, रिंग लांब असो की आखूड, कोणी ना कोणी धावत जाऊन उचलतं.

तात्पर्य: काटकसर वस्तूच्या थाटात करावी, आपल्या माणसाशी बोलण्यात करू नये. सुख खुणेने कळवता येतं. संकट कळायला मात्र शब्द ऐकावाच लागतो.