तिसरी ओळ

“मग मास्तर, तुमच्या त्या तिघा सॅक्सोफोनवाल्या शिष्यांत थोर कोण?”

लिगोरियो मास्तरांनी पियानोवरची धूळ बाहीनं पुसली. माझगावच्या त्या खोलीत एकेकाळी हॉटेलांच्या बँडमधले जॅझवाले शिकून गेले होते. आता एकच येत होता, शार्दूल कर्णिक. सॅक्सोफोन चांगला वाजवायचा, आणि हे त्याला माहीत होतं.

“तूच सांग.”

“धून एकच. ऑर्लांदो ती पळवतो, टाळ्या घेतो. सिरिल इतकी गोड करतो की मुंग्या लागाव्यात.”

“जीभ बरी चालते तुझी. आणि बोनिफास?”

“त्याची गोष्टच वेगळी! शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये तो तिसरी ओळ वाजवतच नाही. मागे तुमचा पियानोही थांबतो. नुसती शांतता... एवढं धाडस कुणात आहे? रविवारी त्याच्या स्मृतिमैफलीत मी अगदी तसंच वाजवणार. फक्त तुम्ही साथीला बसा.”

बोनिफास गेल्यापासून मास्तर कुणाच्याच साथीला बसले नव्हते.

त्या शांततेवर समीक्षकांनी पानंच्या पानं भरली होती. बोनिफासच्या खोकल्यावर एकानंही चार शब्द लिहिले नव्हते.

“वाजव,” मास्तर म्हणाले.

शार्दूलनं धून धरली. दोन ओळी झाल्या. तिसरीला त्यानं सॅक्सोफोन ओठांपासून दूर केला, डोळे मिटले...

मास्तरांनी ती ओळ पियानोवर वाजवली. साधी, सरळ.

शार्दूल भडकला.

“घालवलंत सगळं! ती जागा रिकामीच हवी. बोनिफासनं मुद्दाम सोडली होती ती!”

“श्वास संपला होता रे बाबा त्याचा. त्यानंतर पुन्हा उभा राहिला नाही तो.”

खालून हातगाडीवाल्याची हाळी ऐकू आली, विरून गेली.

“पण मास्तर... पुढे वाजवणारा अडला की साथीच्या पियानोनं धून धरायची, हे तुम्हीच शिकवलंत ना? तुम्ही तर शेजारीच होता. मग?”

मास्तरांनी पट्ट्यांवरून हात उचलला.

“मलाही वाटलं, काय धाडस आहे पोराचं... ऐकत बसलो.”

शार्दूलनं सॅक्सोफोन पेटीत ठेवायला घेतला. आवाज उतरला होता त्याचा.

“मग रविवारी तिसऱ्या ओळीला थांबू नको?”

“खुशाल थांब,” मास्तर म्हणाले. “या खेपेला मी वाजवीन.”