अक्काचा बुधला

डोंगराडोंगरांवर द्राक्षमळे असलेल्या एका राज्यात फार पूर्वी एक पारखी राहत होता. दरवर्षी थंडी पडली की गावोगावचे मळेकरी द्राक्षासवाचे बुधले घेऊन राजवाड्यात येत. पारखी एकेक घोट तोंडात घोळवी, थुंकून टाकी आणि सांगे, "हे तांबडं नदीकाठच्या काळ्या मातीतलं. जांभळासारखं तुरट, पण मागाहून गोड." किंवा, "हे पांढरं घाटमाथ्यावरचं. लिंबाच्या सालीचा वास येतोय बघा." नुसते ऐकूनच दरबाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटे.

ही जीभ घडवली होती त्याच्या थोरल्या बहिणीने. आईविना वाढलेल्या या भावाला अक्का डोळे मिटायला लावी, तोंडात एक द्राक्ष टाकी आणि विचारी, "सांग बघू, कुठल्या वेलीचं?"

पारख्यांचा एक नेम असे. तिखट नाही, तंबाखू नाही, विडा नाही. पण खुद्द महाराज भर दरबारात विडा पुढे करू लागले, तेव्हा नाही कसे म्हणायचे? हळूहळू चटकच लागली. चुन्याने जीभ पोळून निबर झाली. एका वर्षी त्याने पहिला घोट घेतला, मग दुसऱ्या बुधल्यातला, मग तिसऱ्या. तांबडे काय, पांढरे काय, सगळे पाणी!

"महाराज, मला चव कळत नाही," एवढेच म्हणायचे होते. पण मानाची शाल अंगावरून उतरवणार कोण? त्याने रंग पाहिला, बुधल्यावरची गावाची खूण पाहिली आणि मागच्या वर्षीचेच वर्णन ठोकून दिले. दरबार वाहवा म्हणाला. मग काय, तोच रिवाज पडला.

अक्काचा मळा खडकाळ माळावर होता. तिथले पांढरे आसव आंबटढाण म्हणून दरवर्षी परत जाई. अशाच एका साली ती स्वतः बुधला घेऊन आली.

"या खेपेला घड उशिरा उतरवले रे. मला गोड लागतंय. पण तू सांगशील ते खरं."

त्याने घोट घोळवला. अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आंबट आहे, अक्का. पातळ आहे."

"बरं," ती म्हणाली आणि बुधला तिथेच ठेवून निघून गेली.

पुढे पारख्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि वैद्यांनी त्याचा विडा बंद केला. हळूहळू जीभ पुन्हा जागी झाली. एक दिवस राजवाड्याच्या तळघरात त्याला अक्काचा बुधला दिसला. त्याने घोट घेतला. पिकल्या पेरूचा वास, मधाची गोडी आणि शेवटी हलकासा आंबटपणा. असे आसव त्याने जन्मात चाखले नव्हते. तो तसाच गावाकडे धावत सुटला.

माळावर एक वेल उरली नव्हती. अक्का चुलीत वेलींची वाळकी खोडे सारत होती.

"अक्का, मी खोटं बोललो. तेव्हा मला चवच कळत नव्हती गं."

अक्काने आणखी एक खोड चुलीत सारले. "मला गोडच लागलं होतं रे. पण तू आंबट म्हणालास. मला वाटलं, आपलीच जीभ खोटी."

तिने त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. भाकरी गोड होती. आता त्याला सगळे कळत होते.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर कुणी आपला मळा उपटून टाकू शकते, त्याने 'मला कळत नाही' म्हणायला कधी लाजू नये.