ठेवीतला गूळ

फार पूर्वी एका रानात मुंगळ्यांनी मुंग्यांचं वारूळ उद्ध्वस्त केलं. रानाने मुंगळ्यांशी देवाणघेवाण बंद केली. ओल लागू नये म्हणून मुंगळे आपला गूळ खारीच्या ढोलीत ठेवत, तोही रानाने अडकवून ठेवला.

मुंग्यांची म्हातारी सभेत म्हणाली, "तो गूळ आम्हाला द्या. पोटात काही गेलं तरच वारूळ पुन्हा उभं करू."

"परक्याची ठेव मोडू?" खार दचकली. "मग उद्या माझ्याकडे कोण काय ठेवेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाचं काहीतरी तिच्या ढोलीत होतंच. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

तोवर उपाशी मुंग्या रान सोडून गेल्या. म्हातारी एकटीच सभेला आली.

"ठेवीला हात लावणं बरं नव्हे," खार पुन्हा म्हणाली.

"खरंय, खारूताई," म्हातारी म्हणाली. "मिशांना लागलेला गूळ तेवढा पुसून घ्या."